जोडलेली गावे आणि विझलेले दिवे

'जोडले' हा शब्द सध्या शासकीय अहवालांतून फार स्वस्त झाला आहे. ग्रामपंचायत जोडली, शाळा जोडली, प्राथमिक आरोग्य केंद्र जोडले. नकाशावर हिरवे ठिपके पसरतात, आकडे लाखांत जातात आणि वाचणाऱ्याची समजूत होते की, देशाच्या गावोगावी आता माहितीची गंगा अखंड वाहते आहे. प्रत्यक्षात या शब्दाचा अर्थ फार मर्यादित आहे. एके दिवशी काचतंतूची तार ग्रामपंचायतीच्या खोलीपर्यंत आली, भिंतीवर एक पेटी बसली, पेटीतला हिरवा दिवा लागला, त्याचे छायाचित्र निघाले आणि कंत्राटदाराचे देयक मंजूर झाले. गाव 'जोडलेल्या' रकान्यात गेले. पुढे तार तुटो, पेटी जळो, वीजदेयक थकल्याने मीटर जावो. त्या रकान्यातून गाव बाहेर पडल्याचे कोणी ऐकले आहे काय? लग्न लागले म्हणजे संसार झाला, असे मानण्यातलाच हा प्रकार आहे.

हा प्रश्न आम्ही हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात मांडत आहोत. १ मे १९९९ रोजी परभणीचे विभाजन होऊन हा जिल्हा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव असे पाच तालुके. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११,७७,३४५. त्यांतील शंभरातले सुमारे पंच्याऐंशी लोक खेड्यांत राहणारे. देशातील अडीचशे मागास जिल्ह्यांसाठी २००६ साली केंद्राने जो विशेष निधी सुरू केला, त्या यादीत हिंगोलीचे नाव होते. मुंबई-पुण्यात इंटरनेट मंदावले की वृत्तपत्रांत मथळा होतो. सेनगाव तालुक्यातील एखाद्या गावात ते महिनाभर बंद राहिले, तर त्याची साधी नोंदही कुठे होत नाही. अन्याय येथेच आहे.

जुने दार बंद, नवे दार अर्धे उघडे

कोणी म्हणेल, खेड्यात इंटरनेट हवे कशाला? तरुणांनी चित्रफिती पाहण्यासाठी? हा प्रश्न दहा वर्षांपूर्वी कदाचित शोभला असता. आज त्यात अज्ञान आहे. स्वस्त धान्य दुकानात अंगठा जुळल्याशिवाय धान्य मिळत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात काय पेरले हे शेतकऱ्याने भ्रमणध्वनीवरून ठरलेल्या मुदतीत नोंदवायचे. शेतकरी ओळख क्रमांक, पीकविम्याचा अर्ज, विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, सारे संगणकावरून. २०२५ मध्ये 'लाडकी बहीण' योजनेच्या लाभार्थी भगिनींना ई-केवायसी करण्यास सांगण्यात आले, तेव्हा सांकेतिक क्रमांक येईना म्हणून राज्यभर किती मायमाउल्या सेवा केंद्रांच्या दारांत ताटकळल्या, हे वाचकांना सांगायला नको.

या सुधारणांना आमचा विरोध नाही. मधल्या दलालांची साखळी तुटली, पैसा थेट खात्यात येऊ लागला, हे मोठेच काम झाले. परंतु यातून एक कर्तव्यही निर्माण होते. शासनाने नागरिकाला आपल्या दाराशी तारेवाटे यायला सांगितले आणि कागदाचे जुने दार बंद केले, तर ती तार चालू ठेवणे ही शासनाची जबाबदारी ठरते. ती मेहेरबानी नव्हे. मुदत शासनाने ठरवायची, तार शासनाच्या योजनेची, ती बंद पडणार आणि मुदत चुकल्याचा दंड मात्र शेतकऱ्याने भरायचा, हा कोणत्या गावचा न्याय?

हिंगोलीला तर या तारेची गरज व्यापारासाठीही आहे. येथील हळदीचा बाजार मोठा; वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळद काढणारा, शिजवणारा, वाळवणारा शेतकरी ट्रॅक्टर भरण्यापूर्वी आजचा भाव विचारतो. सांगलीत काय चालले आहे, निजामाबादला काय, इरोडला काय, हे अडत्याला सकाळीच कळते. शेतकऱ्याला ते त्याच वेळी कळले तर तो दोन दिवस थांबायचे की माल काढायचा हे स्वतः ठरवू शकतो. ज्याला बातमी उशिरा पोहोचते त्याचा सौदा पडत्या भावात होतो, हा बाजाराचा जुना नियम आहे.

आणि याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ, 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला अंतिम मंजुरी दिली. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमधून अवकाशाच्या गर्भातील सूक्ष्मतम कंप टिपायचा आणि ती माहिती जगभरच्या शास्त्रज्ञांशी ताडून पाहायची, हे तिचे काम. २०१५ साली अमेरिकेत टिपलेली पहिली लहर सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूरच्या घटनेची होती. ही वेधशाळा मराठवाड्याच्या मातीत येते आहे याचा अभिमान आहेच. तिला अखंड जोडणी लागेल आणि ती दिलीही जाईल. पण अब्जावधी कोसांवरचा कंप ऐकणाऱ्या तालुक्यातील ग्रामपंचायतीला आपल्याच तहसील कार्यालयाचा आवाज ऐकू येऊ नये, हे चित्र आपण चालवून घेणार काय?

पंधरा वर्षांचा हिशेब

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या द्वारे. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी सेवादात्यांना परवानगी मिळाली. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट वेगाला 'ब्रॉडबँड' म्हटले. २०२३ मध्ये ही व्याख्या दोन मेगाबिटपर्यंत नेण्यात आली. वेगाची व्याख्या अशी वाढत गेली. अखंडतेच्या व्याख्येकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

खेड्यांसाठीची मोठी योजना म्हणजे राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे. २५ ऑक्टोबर २०११ रोजी मंत्रिमंडळाने तिला मान्यता दिली. खर्च सुमारे २० हजार कोटी, उद्दिष्ट अडीच लाख ग्रामपंचायतींचे, मुदत दोन वर्षांची. ती मुदत केव्हाच उलटून गेली. योजनेचे नाव 'भारतनेट' झाले. डिसेंबर २०१७ मध्ये एक लाख ग्रामपंचायतींचा पहिला टप्पा पूर्ण झाल्याचे सांगण्यात आले. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने 'महानेट' या नावाने काम स्वतःकडे घेतले. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेटसाठी १,३९,५७९ कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली.

या काळात केंद्रात आणि राज्यात वेगवेगळ्या पक्षांची सरकारे होती. दोष पक्षांमध्ये वाटून देण्याचा मोह होईल. तो आवरलेला बरा. रोग पक्षाचा नसून मोजमापाचा आहे. पंधरा वर्षे आपण किलोमीटर मोजले आणि ग्रामपंचायती मोजल्या. दिवा किती दिवस लागला, हे मोजलेच नाही.

सुधारित योजनेतच या चुकीची मूक कबुली आहे. पूर्वीची तार तालुक्याहून गावोगाव एका सरळ रेषेत जात असे. पहिल्या गावाजवळ ती तुटली की पुढची सारी गावे अंधारात. आता ती कड्याप्रमाणे वर्तुळात फिरवायची आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने संदेश पोहोचेल. शिवाय काम घेणाऱ्याने तार टाकून निघून जायचे नाही. बांधणीनंतर अनेक वर्षे देखभालही त्यानेच करायची आहे. कल्पना उत्तम आहे. परंतु तिची परीक्षा दिल्लीतल्या कराराच्या कागदावर व्हायची नाही. ती कळमनुरीच्या डोंगरपट्ट्यातील गावांत पावसाळ्यात व्हायची आहे.

तार तुटते कशी?

तार आपोआप तुटत नाही. हिंगोलीतून जाणारा अकोला-वाशीम-नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग रुंद झाला. गावोगाव नळयोजनांसाठी चर खणले गेले. शेतरस्त्यांची, नालाखोलीकरणाची कामे झाली. प्रत्येक काम आवश्यक होते. पण जेसीबीच्या चालकाला खाली काय पुरले आहे हे कोणी सांगत नाही आणि सांगितले तरी थांबण्याचे त्याला कारण नसते, कारण तार तोडल्याचा भुर्दंड त्याच्या मालकावर पडत नाही. पंतप्रधानांनी २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केले, तेव्हा अशा बेफाम खोदकामाने देशाचे वर्षाला सुमारे तीन हजार कोटी रुपयांचे नुकसान होते, असे शासनानेच सांगितले होते. जिल्ह्यातील किती ठेकेदारांनी खणण्यापूर्वी ते उघडले, हा प्रश्न जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत विचारला गेला पाहिजे.

दुसरे कारण माणसांचे. २०१९ च्या पुनरुज्जीवन योजनेत भारत संचार निगमच्या ७८ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. म्हणजे जवळजवळ निम्मे मनुष्यबळ एका फटक्यात कमी झाले. निगम वाचवण्यासाठी ते अपरिहार्य होते असे मान्य केले, तरी कोणत्या बांधाखालून, कोणत्या पुलाच्या कडेने तार गेली आहे हे तोंडपाठ असलेला लाइनमनही त्याबरोबर गेला. त्याची जागा नकाशाने घेतली नाही. ग्रामपंचायतीतील संगणक परिचालक हा दुसरा आधार. त्याचे तुटपुंजे मानधन आणि त्यासाठीची वर्षानुवर्षांची आंदोलने सर्वांच्या परिचयाची आहेत. पेटी त्याच्या खोलीत असते. ती दुरुस्त करण्याचा अधिकार त्याला नसतो.

तिसरे कारण विजेचे. ग्रामपंचायतीचे देयक थकते, बॅटरी वर्षभरात दम तोडते, भारनियमन झाले की पेटी मरते. मनोरा स्वदेशी असो की परदेशी, विजेविना तो लोखंडाचा सांगाडाच. २७ सप्टेंबर २०२५ रोजी भारत संचार निगमच्या संपूर्ण स्वदेशी ४जी यंत्रणेचे लोकार्पण झाले. सी-डॉट, तेजस आणि टीसीएस यांनी मिळून ही यंत्रणा घडवली. जगातील मोजक्या राष्ट्रांनाच हे साधले आहे. सीमेपलीकडून आलेल्या यंत्रांवर देशाचे संदेशवहन सोपवण्यातला धोका २०२० नंतर सर्वांना उमगला, त्याचे हे उत्तर होते. त्याचे स्वागतच आहे. परंतु स्वदेशीचे व्रत यंत्र बनवून पूर्ण होत नाही. ते यंत्र गावात चालत राहिले तरच सामान्य माणसाचा त्यावर विश्वास बसेल. नाही तर 'सरकारी म्हणजे बंद' ही म्हण आपण आपल्याच हातांनी खरी करून दाखवू.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, हे बाजारावर सोडा. खासगी कंपन्या येतील. कंपन्या आल्या आहेत आणि २०१६ नंतर त्यांनी स्वस्त डेटा खेड्यापर्यंत नेला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांचा मनोरा जेथे ग्राहक दाट तेथे असतो: महामार्गावर, तालुक्याच्या गावी, बाजारपेठेत. विरळ वस्तीचा तांडा त्यांच्या हिशेबात बसत नाही. व्यापाऱ्याने व्यापार करावा, यात त्याचा दोष नाही. म्हणूनच २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातील पाच टक्के रक्कम सार्वत्रिक सेवा निधीसाठी घेतली जाते; २०२३ च्या कायद्याने या निधीचे नाव 'डिजिटल भारत निधी' झाले. म्हणजे आपल्या प्रत्येक रिचार्जमधून हा हिस्सा जातो. हिंगोलीचा शेतमजूरही तो देतो. तेव्हा खेड्याची जोडणी म्हणजे शहराने घातलेली भीक आहे, असा आविर्भाव कोणी आणू नये.

दुसरा आक्षेप असा की, तार कशाला, आता उपग्रह आहे. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने स्टारलिंकशी इरादापत्र केले. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव ही नावे त्यात पुढे आली. शेजारचा वाशीम यादीत आहे, हिंगोली नाही. त्याचे फार वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. घनदाट अरण्यात, सातपुड्याच्या कड्यांवर आकाशातून येणारी जोडणी उपयोगी आहेच. परंतु जेथे सपाट जमिनीत तार आधीच पुरलेली आहे, तेथे ती दुरुस्त करायची सोडून आकाशाकडे पाहणे म्हणजे घरची विहीर गाळाने भरू देऊन टँकरची वाट पाहणे होय. मराठवाड्याला टँकर म्हणजे काय ते सांगावे लागत नाही.

तिसरा आक्षेप अधिकाऱ्यांचा: जोडणी दिली तरी लोक ती घेत नाहीत. घेतील कशी? महिन्यातून दहा दिवस बंद असणाऱ्या नळाला कोणी तोटी बसवते काय? जेथे सेवा टिकते तेथे लोक पैसे मोजतात. याचा पुरावा तालुक्याच्या गावांतील केबलवाले आहेत. नव्वदच्या दशकात छतावर तबकडी बसवून दूरचित्रवाणी पुरवणारा हा माणूस आज महावितरणच्या खांबांवरून काचतंतू नेऊन घरोघर इंटरनेट देतो. त्याच्याकडे ना मोठे भांडवल, ना दिल्लीत वजन. पण तार तुटली की संध्याकाळपर्यंत शिडी घेऊन तो हजर असतो, कारण ग्राहक त्याला बाजारात भेटतो आणि नावाने हाक मारतो. जबाबदारी जवळ असली की दुरुस्तीही लवकर होते.

मोजमाप बदला

नियम नाहीत असे नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये सेवेच्या गुणवत्तेचे नवे विनियम काढले. सेवा चार तासांपेक्षा अधिक काळ खंडित झाल्यास कंपनीने प्राधिकरणाला कळवायचे आणि चोवीस तासांपेक्षा अधिक खंडित राहिल्यास ग्राहकाला भरपाई द्यायची. चांगले पाऊल आहे. पण या तरतुदीचे एकक जिल्हा आहे. जिल्हा पातळीवरील खंड नोंदवला जाईल; एका गावाचा महिनाभराचा अंधार त्या चाळणीतून खाली गळून जाईल.

मराठवाड्याला मोजमापाचा हा खेळ जुना परिचित आहे. १९८४ साली दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष मोजला. रस्ते, सिंचन, गावांचे विद्युतीकरण यांचे आकडे निघाले. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. त्या काळी खांब गावात पोहोचला की गाव विजेचे झाले असे मानत. मग २००४ मध्ये केंद्राने व्याख्या बदलली. गावातील किमान दहा टक्के घरांत वीज हवी. शाळा, पंचायत, आरोग्य केंद्र येथे वीज हवी आणि तसे प्रमाणपत्र ग्रामपंचायतीने द्यायला हवे. २००६ च्या ग्रामीण विद्युतीकरण धोरणाने तर दर वर्षी ३१ मार्च रोजी ग्रामपंचायतीने ते पुन्हा पडताळावे असे म्हटले. विजेला जो न्याय लावला तोच इंटरनेटला का लावू नये?

आमची मागणी म्हणून एवढीच. 'जोडलेली ग्रामपंचायत' हा शब्द ठेकेदाराच्या देयकावरून ठरू नये. ग्रामपंचायतीच्या वार्षिक प्रमाणपत्रावरून ठरावा. वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी किती दिवस दिवा लागला, हा आकडा त्यात असावा आणि देखभालीचे पैसे त्या आकड्यावर मिळावेत. जिल्ह्याला या जाळ्याचा एक नामनिर्देशित पालक अधिकारी असावा, ज्याच्या संमतीपत्राशिवाय रस्त्याकडेला कुदळ पडणार नाही आणि तार तोडणाऱ्याच्या देयकातून दुरुस्तीचा खर्च वळता होईल. आणि सार्वजनिक तारेची देखभाल स्थानिक केबलचालकांकडे करारावर सोपवावी. तारेवरून घरोघर सेवा देण्याचा हक्क त्यांना द्यावा आणि त्याबरोबर ती चोवीस तासांत जोडण्याचे बंधनही घालावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. इच्छा लागते.

वाचकांचेही काम आहे

सारे शासनावर ढकलून आपण मोकळे व्हावे, असे हे पत्र कधी सांगत नाही. गावागावांत आपले कार्यकर्ते आहेत, शिक्षक आहेत, निवृत्त मंडळी आहेत. एक साधी वही घ्यावी. ग्रामपंचायतीतील पेटीचा दिवा रोज सकाळी दहा वाजता पाहावा. लागला असेल तर बरोबरची खूण, विझला असेल तर फुली, आणि कारण कळले तर एक ओळ. महिन्याअखेर ते पान ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे व त्याची एक प्रत गटविकास अधिकाऱ्याला पोचपावती घेऊन द्यावी. आरडाओरडा नको, घोषणा नकोत. आकड्यापुढे मोठमोठे अहवाल गप्प होतात.

याच जिल्ह्यातील नरसीचे नामदेव महाराज सातशे वर्षांपूर्वी पायी पंजाबापर्यंत गेले. त्यांची वाणी शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आदराने समाविष्ट झाली. त्या काळी ना तार होती ना मनोरा. जेथून हा शब्द अवघ्या देशात पोहोचला, तेथून आज एका विधवा भगिनीचा अर्ज तालुक्यापर्यंत पोहोचू नये, हे आपल्याला लाजिरवाणे वाटले पाहिजे.

१ मे हा महाराष्ट्राचा दिवस, तसाच तो हिंगोली जिल्ह्याचाही. त्या दिवशी गावोगाव ग्रामसभा भरतात. येत्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने एकच प्रश्न विषयपत्रिकेवर घ्यावा: आमच्या पंचायतीतला दिवा गेल्या वर्षात किती दिवस लागला? उत्तर कोणाकडेही नसेल, तर तसा ठराव करून तो जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा. पाच तालुक्यांतून असे शेकडो ठराव एकाच आठवड्यात आले, तर 'जोडले' या शब्दाचा खरा अर्थ मंत्रालयापर्यंत पोहोचायला वेळ लागणार नाही.